उपाशी सांधा

माझ्या मोठ्या काकांना राग येतो, असं म्हणणं बरोबर नाही. राग त्यांच्याकडे कायमचा राहायला आहे. अधूनमधून काकाच बाहेर जातात, तेवढीच घराला उसंत. गावात त्यांना तोंडावर सगळे 'मिस्त्री' म्हणतात आणि ते कोपऱ्यापलीकडे वळले की 'कुकर'.

काका सुतार. उभा जन्म शाळांची बाकं बनवणाऱ्या कारखान्यात गेला. मी ज्या बाकावर बसून दहावीपर्यंत पोचलो तेही त्यांच्याच हातचं. ते बाक अजून तसूभर हललेलं नाही. तुझ्या बुद्धीचंही तेच झालंय, असं काका म्हणतात. माझ्या वडिलांशी, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाशी, ते एकदा वर्षभर बोलले नव्हते. कारण? वडिलांनी बाजारातून पलंग आणला. "पलंग! विकत! सुताराच्या भावाने!" एवढे चार शब्द त्यांनी दारात उभं राहून सांगितले आणि गेले. वर्षाने परत आले ते हातात करवत घेऊन. पलंगाचा एक पाय थोडा लांब होता, तो कापला, मग जेवायला बसले.

अशा माणसाला धनुष्याचा नाद लागावा हे तसं योग्यच. कुणावर तरी नेम धरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर मुलं तिरंदाजी शिकतात. तिथे एकदा काकांनी कुंपणाबाहेरून एक धनुष्य पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "भंगार आहे. मी बनवतो." पहिलं एका सलग लाकडाचं बनवलं, ते त्यांच्याच हातात मोडलं. दुसरंही मोडलं. मोडक्या धनुष्यांवर चिडता चिडता ते शिकत गेले.

धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी, अशी माझी समजूत होती. काकांचं धनुष्य म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्या. पाठीला, म्हणजे नेमाकडच्या बाजूला, बांबू. पोटाला गडद रंगाचं जड लाकूड. आणि मध्ये फिकट लाकडाच्या दोन पट्ट्या, बिस्किटापेक्षा पातळ, टोकाकडे आणखी पातळ होत गेलेल्या. बांबू ताण सोसतो, जड लाकूड दाब सोसतं. पट्ट्यांना सरस लावायचा, धनुष्याच्या आकाराच्या लाकडी साच्यावर बसवायच्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत क्लॅम्प, म्हणजे लोखंडी शिकंजे, लावून आवळायच्या. सरस वाळला की मग कानस, मग काचेच्या तुकड्याने खरवडणं. शेवटी भिंतीवरच्या खुंटीला अडकवून, कप्पीवरून दोरी ओढत, दोन्ही बाहू, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकतात का ते बघणं. हे बघताना काका एक डोळा मिटून उभे राहतात आणि मधूनच वरच्या बाहूला शिवी देतात. बाहू सुधारतो, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्यात एक काम मात्र ते करत नसत. सरस लावणं आणि क्लॅम्प आवळणं काकूकडे.

काकू लग्नाआधी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. दाब किती द्यायचा हे तिच्या बोटांना कळतं. काकांच्या हाताला फक्त जोर कळतो. ती मला एकदा म्हणाली होती, "सरस दोन्ही लाकडांनी प्यायला पाहिजे आणि पिऊन मध्ये थोडा उरायला पाहिजे. हावरटासारखं आवळलं की सगळा बाहेर पळतो. बाहेरून सांधा असा घट्ट दिसतो की बघत राहावं. आतून उपाशी." ती क्लॅम्पचा दांडा दोन बोटांनी फिरवायची. पट्ट्यांच्या कडेला घामासारखे बारीक थेंब दिसले की बास, पुढच्या क्लॅम्पकडे. काका तेवढा वेळ हात मागे बांधून उभे राहत. घरात त्यांनी हात मागे बांधलेले मी तेवढेच पाहिलेत.

आता बिनसलं कसं ते सांगतो. मैदानावरचे शिकवणारे, आम्ही त्यांना शिट्टीमास्तर म्हणतो कारण शिट्टी अंघोळीपुरतीच गळ्यातून निघत असावी, एका मुलीसाठी धनुष्य सांगायला घरी आले. मुलगी पोस्टमनची. हात चांगला, शहराच्या संघात निवड होईल अशी. चहा झाला, कौतुक झालं. उठता उठता मास्तर म्हणाले, "यात वहिनींचाही हात असतो म्हणे?"

"हिचं काय," काका म्हणाले, "सरस लावते. सरस काय, कुणीही लावतं."

काकू कप उचलत होती. कप तिने पूर्ण उचलले, ट्रेमध्ये नीट ठेवले, आणि म्हणाली, "मग लावू दे कुणीही."

एवढंच. आदळआपट नाही, रडणं नाही. बोलायची, वेळेवर जेवायला वाढायची. पण घरामागच्या शेडचा उंबरा तिने त्या दिवसापासून ओलांडला नाही. काकांचा राग गडगडून मोकळा होतो. काकूचा राग म्हणजे थंड फरशी, पाय टेकवल्यावरच कळते. माफी मागण्याऐवजी काकांनी पोस्टमनच्या मुलीच्या धनुष्याला स्वतः सरस लावला, स्वतः आवळलं. धनुष्य दिसायला देखणं झालं. दोन पट्ट्यांमधली रेघ केसासारखी. काका ती रेघ येईल त्याला दाखवत होते. काकूला ऐकू जाईल अशा बेताने.

ते काही आठवडे छान चाललं. मग एका सकाळी, मुलीने दोरी गालापर्यंत ओढलेली असताना, वरचा बाहू उकलला. पट्टी सुटून तिच्या भुवईवर बसली. डोळा वाचला, टाके पडले.

मी कुरियरच्या ऑफिसात काम करतो, पाकीट पोचवायला तिकडेच होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. कुणीतरी सांगितलं म्हणून काका सायकल दामटत आले. मुलगी बाकावर बसली होती, भुवईवर रुमाल, रुमाल लाल. काकांनी आधी धनुष्य उचललं. मला त्यांचा खरा राग आला तो तिथे. डोळे वर न करताच ते ओरडले, "रिकामी दोरी सोडलीस!"

बाण न लावता दोरी ओढून सोडली की बाणाबरोबर जाणारा सगळा झटका लाकडातच राहतो आणि लाकूड जायबंदी होतं. मैदानावर याहून मोठा गुन्हा नाही. मुलगी काहीतरी बोलत होती. काका तिच्या वरच्या पट्टीत, "माझा सांधा आजवर सुटला नाही! विचारा कुणालाही! पोरं मस्ती करतात, रिकाम्या दोऱ्या सोडतात आणि मग मिस्त्री वाईट!"

मुलीचे वडील टपालाची पिशवी तशीच खांद्याला घेऊन पोचले होते. ते म्हणाले, "माझी मुलगी खोटं बोलत नाही, मिस्त्री."

"मग काय माझं लाकूड खोटं बोलतं?"

मास्तरांनी शिट्टी वाजवली. दुसरं काही सुचलं नाही की ते वाजवतात. मग निकाल दिला. मिस्त्रींची धनुष्यं इतकी वर्षं मैदानावर आहेत, त्यांच्या शब्दावर अविश्वास कसा दाखवायचा? मुलीने मैदानावर यायचं नाही, आणि निवडीचं नावच काढायचं नाही.

तिच्या वडिलांनी पिशवी खाली ठेवली. ते इतकंच म्हणाले, "हा न्याय झाला?"

त्यावर काका उसळले आणि स्वतःच्या तोंडाने बोलून बसले, "त्याच लाकडाच्या पट्ट्या घरी आहेत माझ्याकडे. त्याच सरसाने, याच हातांनी दुसरं करतो. निवडीच्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर ओढतो. टिकलं तर चूक पोरीची. मोडलं तर माझी. मग तिला घ्या संघात आणि माझी धनुष्यं टाका बंबात!"

मास्तर म्हणाले, चालेल.

पंचाईत अशी की काकांचं घर आमच्या शेजारीच, आणि आमच्या गल्लीचं टपाल त्या पोस्टमनकडेच. आधी ते फाटकाशी सायकल टेकवून पाणी प्यायचे, काकांशी सरकारला शिव्या घालण्यात दहा मिनिटं जायची. आता ते फाटकाखालून बिलं, पाकिटं सरकवत आणि निघून जात. घंटी नाही, हाक नाही. काका खिडकीतून बघत आणि म्हणत, "बघ, बिलसुद्धा कसं टाकतो! माजलाय!" बिल अगदी सरळ पडलेलं असायचं.

पुढच्या रविवारी मला शेडमध्ये हुकूम झाला. पट्ट्या तयार होत्या. काकांनी दोन डब्यांतली राळ कालवली, सरस झाला, फासला. पट्ट्या साच्यावर बसल्या. मी धरायला, ते आवळायला.

"तिथे धर. तिथे नाही! डोळे कुरियरने पाठवलेस का कुठे?"

"धरलंय, काका."

"हा मास्तर," काका म्हणाले आणि दांड्याला एक आटा दिला. "शिट्टी वाजवतो म्हणे." आणखी एक आटा. पुढचा क्लॅम्प. "हा पोस्टमन. न्याय विचारतो मला!" दोन आटे. "ही पोरगी." अडीच. प्रत्येक क्लॅम्पला एक माणूस होता. माझे वडीलही येऊन गेले, पलंगासकट. सरस कडेने बाहेर आला, साच्यावरून ओघळला, काकांच्या चपलेवर पडला.

शेडबाहेर दोरीवर काकू कपडे वाळत घालत होती. ती चादर झटकत म्हणाली, "थेंब नाहीत. ओघळ आहे."

"विचारलंय कुणी?"

"नाही. म्हणून तर चादरीला सांगतेय."

काकांनी शेवटच्या क्लॅम्पला तीन आटे दिले. त्या क्लॅम्पला त्यांनी नाव सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

सरस वाळला. कानस फिरली. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला चढलं तेव्हा मी कामावरून येऊन तिथेच टेकलो होतो. काका कप्पीवरून दोरी खेचत होते, एक डोळा मिटून. अर्ध्यापर्यंत सुरेख वाकलं. "बघ," ते म्हणाले, "बघ, याला म्हणतात..."

फट्!

वरचा बाहू तोंड उघडावं तसा उघडला. अगदी त्याच जागी. कप्पी कितीतरी वेळ कुरकुरत झुलत राहिली.

काका गप्प. मी घाबरलो. ओरडणाऱ्या काकांना मी जन्मापासून ओळखतो, या गप्प माणसाची ओळख नव्हती. पण ते फार टिकलं नाही. लाकूडवाला चोर निघाला. सरस बनवणारी कंपनी दरोडेखोर निघाली. हवा दमट निघाली. मग माझ्यावर आले, "तूच वाकडं धरलंस! तुझ्या बापाच्या पलंगासारखं!"

त्या क्षणी काकू शेडच्या उंबऱ्याच्या आत आली. हातात जुन्या चादरीचं गाठोडं होतं. तिने ते कामाच्या टेबलावर सोडलं. पोस्टमनच्या मुलीचं मोडकं धनुष्य. काकांनी मैदानावरून आणून कचऱ्यात फेकलेलं. हिने उचलून ठेवलेलं. तिने खुंटीवरचं नवं धनुष्य उतरवलं आणि दोन्ही सुटलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी उताण्या ठेवल्या.

मलासुद्धा दिसलं, तर काकांना न दिसायला काय झालं होतं? दोन्ही पट्ट्या आतून गुळगुळीत. कोरड्या. जणू आत्ताच रंधा मारलाय. लाकडाचा एक धागा उपटलेला नाही.

"रिकामी दोरी सोडली असती तर लाकूड फाटलं असतं," काकू म्हणाली. "इथे लाकूड शाबूत आहे. सरसच नाही आत." आणि मग, "त्या दिवशी मैदानावर हातात घेतलं होतं ना तुम्ही? बघितलं नाही?"

"नाही बघितलं."

"की बघायचं नव्हतं?"

काकांनी कानस भिंतीवर भिरकावली. भिंतीचा टवका उडाला. काकू जागची हलली नाही. तिने विचारलं, "पट्ट्या उरल्यात?"

"एकापुरत्या."

"मग मी लावते सरस."

काकांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. मला ती तरतरी अजिबात आवडली नाही. मी म्हणालो, "काका, काकूने लावलं तर टिकणार. टिकलं तर ती पोरगी खोटी ठरणार."

"मला अक्कल शिकवू नकोस!"

"तो बरोबर बोलतोय," काकू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी लावते, ते टिकेल. ते घेऊन मैदानावर तुम्ही काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त सरस लावते. सरस काय, कुणीही लावतं."

दुसऱ्या दिवशी तिने सरस लावला. दोन बोटांनी दांडे फिरवले. कडेला बारीक थेंब आले, ती थांबली. काका हात मागे बांधून उभे होते. बोटं एकमेकांत अशी आवळलेली की तिथेही सरस टिकला नसता.

निवडीपर्यंतचे दिवस घराने कसे काढले ते घरालाच ठाऊक. काका दाराशी भांडले, खिळ्यांशी भांडले, भाजीला मीठ जास्त म्हणून भांडले आणि कमी म्हणूनही. फक्त फाटकाखालून येणाऱ्या टपालाबद्दल बोलणं त्यांनी बंद केलं. धनुष्य पुरं झालं. मूठ हाताळून हाताळून त्यांनी चकचकीत केली. एकदाही ते कुणाला दाखवलं नाही.

निवडीच्या सकाळी मैदान भरलं होतं. पोस्टमन कुंपणाशी सायकल धरून उभे, शेजारी मुलगी. भुवईवरचा व्रण गुलाबी, अजून ताजा. काकांनी धनुष्याला दोरी चढवली. बाण लावला, गालापर्यंत ओढला, धरला. सोडला. पुन्हा. पुन्हा. त्या धनुष्यातून हूं की चूं निघालं नाही. शेवटी मास्तरांनी स्वतः ओढून पाहिलं.

टाळ्या वाजल्या. मास्तरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, "आम्हाला शंका नव्हतीच, मिस्त्री." मग कुंपणाकडे वळून, "पाहिलंस ना गं?"

मुलगी मास्तरांकडे बघतच राहिली. तिचे ओठ इतके घट्ट मिटलेले की पांढरे पडले. पोस्टमननी सायकलचा स्टँड काढला. मी काकूकडे पाहिलं. ती समोरच्या नेमाच्या पाटीकडे पाहत होती. मी मनात काकांना अशी शिवी घातली, जी इथे लिहिता येणार नाही.

"टाळ्या कसल्या वाजवताय?"

काकांचा आवाज टाकीपर्यंत गेला. ते आपल्या सायकलकडे गेले. कॅरियरला चादरीचं गाठोडं बांधलेलं होतं. ते काकूने बांधलं नव्हतं आणि मीही नाही. त्यांनी ते मास्तरांच्या टेबलावर आपटलं. दोन मोडकी धनुष्यं बाहेर आली.

"हे बघा! त्या दिवशी कुणी बघितलं होतं? मी नाही बघितलं, मी आंधळा होतो. आणि मास्तर, तुम्ही? शिट्टी गळ्यात अडकवली, डोळे कुठे अडकवले होते? हा सांधा उपाशी आहे. हाही उपाशी आहे. दोन्ही मी आवळलेत. जे टिकलं ते हिने आवळलंय!" काकूकडे त्यांनी असं बोट केलं जसं काही तिनेच चोरी केली होती.

"म्हणजे," मास्तर चाचरले, "चूक..."

"माझी! केव्हाचा बोंबलतोय, ऐकू येत नाही? माझी चूक!"

माफी इतकी शिवीसारखी मागितलेली मी दुसरी ऐकलेली नाही. तेवढ्यावर भागलं नाही. ते तरातरा कुंपणापाशी गेले आणि मुलीवर घसरले, "आणि तू गं! भुवई फुटली, तोंड तर शाबूत होतं ना? सांगायचं नाही, मी रिकामी दोरी सोडली नाही म्हणून?"

"सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. "तुम्ही ओरडत होता."

"मग मोठ्याने सांगायचं!"

"मोठ्यानेच सांगितलं होतं."

काकांनी हातातलं नवं धनुष्य तिच्यापुढे धरलं.

तिने हात पुढे केला नाही. तिने विचारलं, "हे काकूंनी आवळलंय?"

"सांगितलं ना."

"मग त्यांना देऊ दे."

काकांच्या मानेवरची शीर टरटरून फुगली. मला वाटलं, झालं, आता गेलं धनुष्य टाकीत. पण ते वळले, धनुष्य काकूच्या हातात दिलं, आणि बाजूला झाले. काकूने ते मुलीला दिलं. मुलगी निवडीसाठी रेघेवर उभी राहिली.

तिची निवड झाली नाही. इतके दिवस सराव नाही, हातात नवं धनुष्य, मनात संताप. बाण चांगले गेले पण पुरेसे नाही. मास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी. पोस्टमननी मुलीला सायकलवर बसवलं. घरी येताना काका वाटेत कुणाशीच भांडले नाहीत. एक कुत्रा त्यांच्या चाकाखाली येता येता वाचला, त्यालाही काही बोलले नाहीत.

सोमवारी मी कामावर निघालो होतो तेव्हा फाटकाची घंटी वाजली. पोस्टमन बिल हातात धरून उभे होते. काका बाहेर आले, बिल घेतलं. दोघं एकमेकांसमोर उभे.

"पाणी घ्या," काका म्हणाले.

"नको. राग गेलेला नाही माझा."

"उद्या?"

"उद्याही जाणार नाही."

ते सायकलवर बसले. काका फाटकाला दोन्ही हातांनी धरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "मग परवा विचारतो!"